कांचनाच्या पाटीवरची शेवटची ओळ

ती ओळ तुम्ही पुसलीत. झाड तुम्ही मारलं नाही, मान्य. गाठ तुम्ही दिली नाहीत, तेही मान्य. पण पाटीवरची शेवटची ओळ तुम्ही पुसलीत, स्वतःच्या हाताने, ओल्या चिंधीने, आणि तिच्या जागी स्वतःचं नाव लिहून घेतलंत. आता उद्यान खात्याचा शिक्का मारून खुलासा मागताय, तो कुणाकडे? तर पेंटरकडे! सार्वजनिक फलक विद्रूप का केला म्हणे. घ्या मग खुलासा. सगळा ऐका, मध्येच घड्याळाकडे बघू नका.

पेंटर म्हणजे साधा पाट्या रंगवणारा माणूस. छापील बॅनरांनी त्याचा निम्मा धंदा गिळला, तरी पत्र्याच्या पाट्या अजून त्याच्याकडेच येतात, कारण त्याचा रंग उन्हाला भीक घालत नाही. दुकान म्हणजे एक गाळा. अर्ध्यात रंगाचे डबे, उरलेल्या अर्ध्यात तो आणि त्याचा राग. कामाची त्याची एक रीत आहे. आधी पत्र्याला खालचा रंग देऊन वाळवायचा. दोरीला खडू फासून ती ताणायची, टिचकी मारायची, की सरळ रेघ उमटते. मग सगळा मजकूर खडूने लिहायचा, गिऱ्हाइकाला समोर उभं करून मोठ्याने वाचायला लावायचा, आणि त्याने मान हलवली की मगच ब्रश उचलायचा. "काय भांडायचं ते खडूवर भांडा, रंगावर नाही," हे तो प्रत्येकाला बजावतो.

तुमच्या बागेतल्या कांचनाची पाटी त्याने अशीच आधी खडूने लिहिली होती. मजकूर वैद्यबाईंचा. मंडईमागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना आहे. आयुर्वेद रीतसर शिकलेल्या, चष्म्यावरून बघत बोलणाऱ्या. बागेत औषधी झाडांना पाट्या लावायच्या आहेत, माहिती लिहून द्या, अशी गळ त्यांना तुम्हीच घातलीत. त्यांनी दिली, आणि नेमकी दिली. कांचनाची साल तुरट. तोंड आलं तर तिच्या काढ्याच्या गुळण्या करतात. कळ्या रक्ती मूळव्याधीवर देतात. फुलं साखरेत मुरवून पोट साफ व्हायला देतात. पण सालीचा मोठा मान गळ्याच्या गाठींवरच्या औषधांत, तोही इतर औषधांच्या जोडीने. आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'गाठ कसली आहे हे डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय हे औषध घेऊ नये.'

तुम्ही गाळ्यात आलात ते रुमाल नाकाला लावूनच. वाचत वाचत खाली आलात आणि शेवटच्या ओळीला अडलात.

"ही काय भानगड?"

"वैद्यबाईंनी लिहिलीय, साहेब."

"त्यांना काय जातंय लिहायला! उद्घाटनाला वरची मंडळी येणार. बहरलेल्या झाडाखाली उभं राहून त्यांनी 'तपासा, तपासा' वाचायचं? बाग आहे का पोलीस चौकी?"

"पण औषध म्हटल्यावर लोक..."

"अरे, पाटी वाचून कोण औषध घेतंय? लोक पाटीपाशी फोटो काढतात. चिंधी दे ती."

चिंधी घेतलीत आणि पुसलीत. मग दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी केलीत. "आता इथे रिकामं दिसतंय. 'संकल्पना' लिही आणि पुढे माझं नाव टाक. लाल रंगात, ठसठशीत." पेंटर चिडला, पुटपुटला, डब्याचं झाकण आपटलं, पण लिहिलं. औषधाला काळा रंग, नावाला लाल.

आता त्याच्या बायकोचं ऐका.

ती बसमध्ये कंडक्टर. डेपोत तिला 'भोंगा' म्हणतात, आणि तिला त्याचा राग येत नाही, उलट बढती मिळाल्यासारखं वाटतं. "मागे सरका, मागे घर बांधायला जागा आहे!" असं ती ओरडली की उभे राहिलेले सोडा, बसलेलेसुद्धा सरकायचे. तिच्या गाडीचा शेवटचा थांबा तुमच्या बागेच्या फाटकासमोर. गाडी परत फिरायच्या आधी ती कांचनाखालच्या बाकावर बसून डबा खाते. वरून एखादं जांभळट फूल डब्यात पडलं की उचलून केसांत खोचते आणि ड्रायव्हरला म्हणते, "बघा, नवऱ्याने कधी दिलं नाही."

एका सकाळी गणवेशाचं गळ्याजवळचं बटण लावताना तिच्या बोटांना गाठ लागली. बोराएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती, नुसती होती. दिवसभर तिकिटं फाडताना हात सारखा गळ्याकडे जात राहिला. दुपारी बाकावर बसली, मान वर केली, आणि समोर तुमची पाटी. 'गळ्याच्या गाठींवर कांचनाची साल.' अक्षर ओळखीचं. त्या 'ळ'ची शेपूट ती झोपेतही ओळखेल. तिने कुणाला विचारलं नाही. विचारायचं कशाला? नवऱ्याच्या हातचं होतं ना.

पाटी वाचून कोण औषध घेतंय, असं तुम्ही विचारलं होतंत. येऊन माळ्याला विचारायचं होतंत. "पूर्वी फुलं तोडायचे, तर मी शिट्टी मारायचो," तो सांगतो. "आता घरातल्या सुऱ्या घेऊन येतात. एकाने तर साल सोलली आणि मलाच विचारतो, काका, किती वेळ उकळू? मी म्हटलं, तुझं डोकं शिजेपर्यंत." माळ्याने कितीदा समजावलं की उभी, अरुंद पट्टी काढली तर झाड ती जखम भरून काढतं, पण गोल सोललं तर पानांतलं अन्न मुळांकडे जायची वाटच बंद होते. ऐकतो कोण? पाटीवर तर तसं काही नव्हतं. हात पोचेल तिथवर बुंधा उघडा पडला, विटकरी आणि ओला, एखाद्याचा गुडघा खरचटावा तसा.

त्या बुंध्यातली एक पट्टी पेंटरच्या ओट्यावर उकळत होती तेव्हा तो जेवायला घरी आला. दारातच नाक वर केलं.

"हे काय उकळतंय? चामडं?"

"तुमचीच पाटी."

"म्हणजे?"

तिने मान वर केली, त्याचा हात धरला आणि बोट गळ्यावर ठेवलं. त्याच्या बोटाला वाळलेला पिवळा रंग होता. बोटाखाली ती गाठ. त्याने हात असा मागे घेतला जणू चटका बसला.

"अगं, ही कधीपासून?"

"आहे थोडे दिवस. कमी होतेय."

"कमी होतेय कुठे? आणि हे असं प्यायचं नसतं. खाली आणखी एक ओळ होती."

"कुठे खाली?"

"पाटीवर. आधी तपासून घ्या म्हणून."

"होती तर मला दिसली असती. रोज वाचते मी."

"होती म्हणजे... खडूने होती. साहेबांनी पुसली."

ती हसली. "वा! माझ्यापुरतीच बरी पुसली. अहो, दवाखान्यात न्यायचं असेल तर सरळ सांगा, गोष्टी रचू नका." आणि काढा गाळून, नाक दाबून, घटाघटा प्यायली. त्या हसण्यात भीती होती हे त्याला कळलं. सुईची आणि कात्रीची. तिची मावशी गळ्यात गाठ घेऊन दवाखान्यात गेली होती ती परत आलीच नव्हती. पाटी तिला सोयीची होती. पाटीत सुई नव्हती.

त्या दिवसापासून पेंटरच्या पायाला भिंगरी लागली. दुकानात बूड टेकेना. 'गिरणी' लिहायला बसला आणि वेलांट्या उलट्या काढून बसला. सगळं पुसून पुन्हा लिहिलं, पुन्हा चुकलं. उठायचा, रस्त्यापर्यंत जायचा, परत यायचा. तिची बस गाळ्यावरून जायची तेव्हा दारात उभा राहून कान द्यायचा. आधी तिचा आवाज दोन चौक आधी यायचा. मग एक चौक. मग बस समोरून गेली तरी नुसती घंटी ऐकू आली.

आवाज बसला होता. "गर्दी वाढलीय," ती म्हणाली. घरात पेंटरची आई होती, तिला आधी बरंच वाटलं. "देव पावला," म्हातारी म्हणाली, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या घरात माझंच बोलणं ऐकू येतंय." सून खरखरत्या गळ्याने म्हणाली, "घ्या ऐकून, फुकट आहे." थोडे दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी सुनेने हाक मारली ती म्हातारीला ऐकूच गेली नाही, आणि सून काही न बोलता स्वतः उठून पाणी घ्यायला गेली. म्हातारी ताडकन उठली आणि मुलाच्या पाठीत गुद्दा घातला. "मेल्या, बघत काय बसलायस? ही उलट बोलली नाही! हिला घेऊन जा कुठेतरी!"

दवाखान्याचं नाव काढलं की ती वळायची. म्हणून त्याने युक्ती केली. "वैद्यबाईंकडे तर चल," म्हणाला. "काढ्याचं प्रमाण तरी विचारू." याला ती तयार झाली.

वैद्यबाईंनी पेल्यात पाणी दिलं. "एक घोट घ्या. गिळा." गिळताना गाठ वर सरकली, खाली आली. त्यांनी बोटांनी चाचपली, मानेच्या दोन्ही बाजू बघितल्या, मग खुर्चीत मागे टेकल्या.

"आवाज कधीपासून बसलाय?"

"बसमध्ये ओरडून..."

"मी कारण नाही विचारलं. कधीपासून?"

तिने सांगितलं. काढ्याचंही सांगितलं. वैद्यबाईंनी चष्मा काढला.

"कांचन चांगलं औषध आहे. मी स्वतः देते. पण गाठ म्हणजे सगळ्या एकाच जातीच्या नसतात. कुठली साधी, कुठली नाही, हे हाताला कळत नाही, माझ्याही नाही. त्यासाठी सुईची तपासणी लागते. आणि आवाज बसला असेल तर आज लागते. उद्यासुद्धा नको." मग त्या पेंटरकडे वळल्या. "आणि तुम्ही हो? तुम्ही स्वतः रंगवलीत ना पाटी? मी शेवटी स्पष्ट लिहिलं होतं. दिसलं नाही?"

पेंटर बोटावरचा वाळलेला रंग खरवडू लागला. बायकोने त्याच्याकडे बघितलं. बघतच राहिली.

"म्हणजे ती ओळ खरंच होती?" ती म्हणाली.

वैद्यबाईंनी विचारलं, "होती म्हणजे? नाहीये का?"

त्यांनी पाटी पाहिलेलीच नव्हती. उद्घाटनाला तुम्ही त्यांना बोलावलंच कुठे?

त्याच दुपारी मोठ्या इस्पितळात गळ्याचं चित्र काढलं, सुई टोचली. सुई डासासारखी असते हे तिला त्या दिवशी कळलं. "एवढ्याशासाठी मी ते चामडं पीत होते?" असं ती बाहेर आल्यावर म्हणाली, आणि मग बाकावर बसून रडली. पेंटर समोर येरझाऱ्या घालत होता. "बसा ना हो," ती म्हणाली, "मला गाडी लागल्यासारखं होतंय."

पण बसणार कसा? रिपोर्ट यायला वेळ होता आणि तो वेळ त्याच्या अंगाला चावत होता. चहा ओतून घ्यायचा आणि तसाच ठेवायचा. ब्रश धुवायचा, परत धुवायचा. शेवटी एका भर दुपारी, बाग माणसांनी भरलेली असताना, त्याने सायकलच्या कॅरिअरला शिडी बांधली, पिवळ्या आणि लाल रंगाचे डबे हँडलला अडकवले आणि तुमच्या फाटकातून सरळ आत गेला. लपूनछपून नाही. माळ्याने विचारलं, "साहेबांनी पाठवलं?" पेंटर म्हणाला, "त्यांच्यासाठीच आलोय."

कांचनाची पानं गळत होती. फुलायच्या दिवसांत झाडावर ना कळी, ना फूल. बुंध्याला माळ्याने माती लिंपून गोणपाट बांधलं होतं, पण वरच्या फांद्या सुकत चालल्या होत्या. पाटी मात्र नवीकोरी.

पेंटरने तुमच्या नावावर पिवळा रंग फिरवला. 'संकल्पना' गेली, नाव गेलं. तो वाळेपर्यंत झाडाभोवती फेऱ्या मारल्या. मग दोरी ताणली, टिचकी मारली आणि या वेळी मजकूर आधी खडूने न लिहिता थेट ब्रशने लिहिलं, लाल रंगात: 'गाठ कसली आहे हे डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय हे औषध घेऊ नये.' लोक जमले. पिशवी आणि सुरी घेऊन आलेल्या एका बाईने ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि हळूच विचारलं, "हे नवीन आहे का?"

"नाही," पेंटर शिडीवरून म्हणाला, "हे जुनंच आहे. तुमच्यापर्यंत आज पोचलं."

ती बाई सुरी पिशवीत ठेवून परत गेली. तुमच्या सगळ्या कारकिर्दीत बागेत झालेलं एवढं एकच चांगलं काम, आणि त्याबद्दल तुमची नोटीस आली.

नोटीस आणि रिपोर्ट एकाच दिवशी आले. आधी रिपोर्टचं सांगतो. सर्जन तरुण होता, पण शब्द चघळत बसला नाही. "गाठ चांगली नाही. काढावी लागेल. काढली, पुढचे उपचार घेतले, तर बरं व्हायची आशा चांगली आहे, घाबरू नका. अडचण वेगळी आहे. आवाजाची नस गाठीला चिकटलेली दिसतेय. ती वाचवायचा प्रयत्न करू. शब्द देत नाही."

"आधी आलो असतो तर?" पेंटरने विचारलं.

सर्जनने रिपोर्टची घडी घातली. "गाठ लहान असती, तर कदाचित नसेपर्यंत गेली नसती. कदाचित म्हणतोय. आता त्यात पडू नका."

त्यात पडू नका! पेंटर तर त्यातच आकंठ पडलेला. घरी येऊन नोटीस वाचली आणि अंगाचा तिळपापड झाला. कागद फाडायला घेतला, तर बायकोने हातातून काढून घेतला. वाचला. मग नेहमी ड्युटीवर जाताना करते तसा गणवेश घातला, केस बांधले आणि वरचं बटण उघडंच ठेवलं.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"खुलासा द्यायला. ऑपरेशन झाल्यावर माझ्याकडे काय उरेल माहीत नाही. आत्ता आहे तेवढं वापरून घेते."

बाकीचं तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही तिथेच होतात. दुसरा मजला, तुमची केबिन, टेबलावर काच, काचेखाली उद्घाटनाचा फोटो. पेंटर दारापाशी पाय बदलत उभा. तुमचा कारकून म्हणाला, "एकेकाने या," आणि ती म्हणाली, "आम्ही दोघं मिळून एकच आहोत, अर्धं तिकीट धरा." कारकून हसला. तुम्ही हसला नाहीत.

"तुमच्या यजमानांनी सरकारी मालमत्तेचं नुकसान केलंय," तुम्ही म्हणालात.

"ती ओळ पूर्वी होती का पाटीवर?"

"असा कुठलाही मजकूर कार्यालयाकडे आलेला नव्हता."

"कार्यालयाचं नाही विचारलं, साहेब. तुमचं विचारलं."

तिचा आवाज तुम्हाला नीट ऐकू येत नव्हता. ज्या बाईचा आवाज भरलेल्या बसच्या मागच्या दारापर्यंत जायचा, तो टेबल ओलांडून तुमच्यापर्यंत येईना. तुम्ही कानामागे हात धरलात. "जरा मोठ्याने बोला," म्हणालात. खरंच म्हणालात! पेंटर पुढे झेपावला, तिने हाताने त्याला मागे सारलं. टेबलावर दोन्ही तळवे टेकून ती वाकली, इतकी की तिच्या गळ्यातली गाठ तुमच्या डोळ्यांसमोर आली. तुम्ही खुर्ची मागे ढकलायला लागलात. मागे भिंत होती.

"मागे सरकू नका, साहेब," ती म्हणाली. "मागे जागा नाही. मी ती पाटी रोज वाचली. नवऱ्याचं अक्षर म्हणून विश्वास ठेवला. त्याने सांगितलं, ओळ होती, साहेबांनी पुसली. मी त्यालाच खोटं पाडलं. आता मला टेबलावर घेतील. उठल्यावर बोलता येईल का नाही, ते डॉक्टरांनाही माहीत नाही. म्हणून बोलता येतंय तोवर विचारतेय. त्या दिवशी, त्याच्या गाळ्यात, चिंधी मागून, ती ओळ तुम्ही तुमच्या हाताने पुसलीत. हो का नाही?"

तुम्ही कारकुनाकडे बघितलंत. कारकुनाने खिडकीकडे बघितलं.

"तिकडे काय बघताय? मी इथे आहे," ती म्हणाली. "हो का नाही?"